मॅन्युअलमध्ये ‘चेक’ ४१ वेळा आलंय, दुसरा शब्द कुठून आणू?

तुमचा प्रश्न वाचला. पंपाच्या कंपनीत आहात, मेंटेनन्स मॅन्युअल इंग्लिशमध्ये लिहायचं काम अंगावर आलंय, आणि साहेबांनी ड्राफ्ट परत देताना शेरा मारलाय की चेक हा शब्द ४१ वेळा आलाय, जरा सिनॉनिम वापरा. तुम्ही विचारताय की व्हेरिफाय, इन्स्पेक्ट, एक्झामिन, एन्शुअर, कन्फर्म हे आलटून पालटून टाकले तर चालतील का.

तसं करू नका. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, पहिली सात भोसरीत मशीनची मॅन्युअल लिहिण्यात गेली आणि नंतरची सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, आणि दोन्हीकडे हेच दिसलं की शब्द बदलला की वाचणारा समजतो काम बदललं. पान ४ वर चेक आणि पान ९ वर व्हेरिफाय लिहिलंत तर फिटर थांबतो, त्याला वाटतं चेक म्हणजे नुसतं बघायचं आणि व्हेरिफाय म्हणजे मोजून रजिस्टरमध्ये लिहायचं असेल, आणि तो असं समजला तर त्याचं काही चुकत नाही कारण आपणच त्याला दोन शब्द दिलेत. शाळेत निबंधात एक शब्द दोनदा आला की बाई खाली रेघ मारायच्या, ती सवय आपल्या सगळ्यांच्या हातात बसलीय, मॅन्युअल लिहिताना ती मुद्दाम सोडावी लागते.

पण साहेबांचा शेरा सगळाच चुकीचा आहे असंही मला वाटत नाही. ४१ वेळा चेक आलंय म्हणजे त्यात पाच-सहा वेगवेगळी कामं असणार आणि ती सगळी एकाच शब्दात कोंबली गेलीत. मराठीत आपण सगळ्याला तपासणे म्हणतो ना, ऑइल तपास, बोल्ट तपास, व्होल्टेज तपास, झडप बंद आहे का तपास, तेच डोक्यातून इंग्लिशमध्ये चेक होऊन उतरलंय.

आता एकेक बघू. ‘चेक द ऑइल लेव्हल’ हे बरोबर आहे, तसंच ठेवा, काचेतून पातळी बघायची आणि खुणेशी ताडायची एवढंच काम आहे. ‘चेक द सक्शन व्हॉल्व्ह इज ओपन’ हे मात्र अर्धवट आहे कारण इथे नुसतं बघून पुढे जायचं नाहीये, बंद सापडला तर उघडायचाय, म्हणून तिथे ‘मेक शुअर दॅट’ लिहा. एन्शुअर पण चालतं पण मी मेक शुअर घेतो, कारण एन्शुअर, अश्युअर आणि इन्शुअर यांचा घोळ भल्याभल्यांचा होतो, अश्युअर माणसाला करतात, इन्शुअर विम्यात येतं, आणि फिटरला यातलं काहीच माहीत असायची गरज नाही. ‘चेक द केबल’ म्हणजे डोळ्यांनी नीट बघायचंय, कुठे कापलीय का, इन्सुलेशन वितळलंय का, तर तिथे इन्स्पेक्ट, आणि पुढे काय शोधायचं ते लिहाच, ‘इन्स्पेक्ट द केबल फॉर कट्स’, नुसतं इन्स्पेक्ट द केबल लिहून माणसाला काही कळत नाही. ‘चेक द व्होल्टेज’ मध्ये मीटर लावून आकडा घ्यायचाय म्हणून मेझर, आणि आकडा किती ते किती यायला हवा तेही त्याच वाक्यात. ‘चेक द प्रेशर स्विच’ मध्ये प्रेशर वाढवून स्विच खरंच काम करतो का ते बघायचंय म्हणून टेस्ट.

बघा, साहेब म्हणाले तसे शब्द पाच झाले. पण त्यातला प्रत्येक आपल्या जागेवर पक्का आहे, तो उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही.

पंपाचाच विषय आहे म्हणून ग्लँड पॅकिंगचं सांगतो, म्हणजे फिरता शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तिथे पाणी अडवायला जे भरण नटांनी दाबून बसवतात त्याचं. ग्लँडमधून पाणी गळतंय तर काय करायचं यासाठी ‘टाइटन द ग्लँड नट्स अँड स्टॉप द लीकेज’ असं वाक्य मी एका जुन्या मॅन्युअलमध्ये पाहिलंय. वाचायला अगदी शहाण्यासारखं वाटतं. पण पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी यायलाच हवं, त्याच पाण्याने पॅकिंग थंड राहतं, नट आवळून गळती पूर्ण थांबवली तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टची स्लीव्ह खरवडली जाते. तिथे क्रियापद स्टॉप नाही चालत, रिड्यूस लागतं, आणि कुठपर्यंत कमी करायची ते, म्हणजे थेंब पडत राहतील इतपत. आता हे थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, कुठे मिळणार? हे पंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाकडून मिळतं. म्हणून माझी पद्धत अशी आहे की शब्द शोधायच्या आधी स्वतःला विचारायचं, हे काम झाल्यावर ती वस्तू कशी असायला पाहिजे. कुठे असेल, कोणत्या अवस्थेत असेल, पूर्वीसारखी परत करता येईल का. हे एका मराठी वाक्यात लिहा, अगदी बोलतो तसं, आणि मग त्या अवस्थेपर्यंत नेणारं क्रियापद शोधा.

मराठी लिहिणाऱ्यांना तर याची जास्तच गरज आहे, कारण आपली रोजची क्रियापदं फार मोठा भार उचलतात. काढणे घ्या. कव्हर काढ, पाणी काढ, हवा काढ, बेअरिंग काढ, वायर काढ, रीडिंग काढ, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर काढ. मराठीत ऐकणाऱ्याला काहीही अडत नाही कारण समोर वस्तू दिसतेय. इंग्लिशमध्ये कव्हर रिमूव्ह होतं, पाणी ड्रेन होतं, ब्रेकमधली हवा ब्लीड होते आणि पंपाच्या केसिंगमधली व्हेंट होते, बेअरिंग पुलर लावून पुल करतात, वायर डिस्कनेक्ट होते, रीडिंग टेक किंवा रेकॉर्ड होतं आणि पीओ इश्यू होते. टाकणे तसंच, ऑइल टाकलं की ॲड किंवा फिल, पासवर्ड टाकला की एंटर, कार्ड टाकलं की इन्सर्ट, आणि जुनं पॅकिंग टाकून दिलं की डिस्कार्ड, आता या शेवटच्यात तर अर्थच उलटा झाला. मी नवीन मुलांचे ड्राफ्ट तपासतो त्यात ‘पुट द पासवर्ड’ आणि ‘पुट ऑइल’ ही दोन वाक्यं हमखास असतात आणि कारण हेच.

बंद करणे सगळ्यात धोक्याचं. झडप बंद केली तर क्लोज, पंप बंद केला तर स्टॉप, लाइट बंद केला तर टर्न ऑफ, अलार्म बंद केला तर तो सायलेन्स केला की डिसेबल केला हा वेगळाच प्रश्न, कारण सायलेन्समध्ये फक्त आवाज जातो आणि डिसेबलमध्ये अलार्म पुढच्या वेळी वाजणारच नाही. आणि मेंटेनन्सच्या आधी मोटर बंद करा म्हणजे काय? टर्न ऑफ लिहिलं तर माणूस पॅनलवरचं बटण दाबेल आणि कपलिंगमध्ये, म्हणजे मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या भागात, हात घालेल, आणि तेवढ्यात दुसऱ्याने पलीकडून स्टार्ट दाबलं तर? तिथे आयसोलेट लिहायचं, म्हणजे सप्लाय तोडायचा, आणि मग लॉक आउट, म्हणजे कुलूप घालून चावी स्वतःच्या खिशात. अमेरिकेच्या ओशाने, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, १९८९ मध्ये यावर वेगळा नियमच केलाय, त्यामुळे अमेरिकेला जाणारं मॅन्युअल असेल तर लॉकआउट हा शब्द तुमच्या आवडीनिवडीचा राहतच नाही, तोच लागतो. तुमच्या ड्राफ्टमध्ये मेंटेनन्सच्या प्रकरणात कुठे स्विच ऑफ असेल तर चेकच्या आधी ते बघा, मनापासून सांगतोय.

आणखी एक मराठी खोड म्हणजे करणे. तपासणी करणे, जोडणी करणे, स्वच्छता करणे, आपण नामाला करणे लावून क्रियापद बनवतो, मग इंग्लिशमध्ये येतं ‘परफॉर्म द इन्स्पेक्शन ऑफ द बेअरिंग’, ‘कॅरी आउट द क्लीनिंग’. मग परफॉर्म फार वेळा आलं म्हणून कंडक्ट, एक्झिक्यूट, अंडरटेक असे शोधत बसतात. परफॉर्मला सिनॉनिम नकोय तिथे, परफॉर्म काढून टाका, इन्स्पेक्ट द बेअरिंग, क्लीन द स्ट्रेनर, झालं. ज्या वाक्यात सिनॉनिम सापडत नाही म्हणून तुम्ही अडलात त्या वाक्यात खरं क्रियापद नामात लपलंय का हे आधी बघायचं, निम्म्या वेळा तिथेच सुटतं.

मातृभाषा खालून डोकावते हे फक्त आपलंच नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर लॉस रोदेओस विमानतळावर धुक्यात केएलएम आणि पॅन ॲमची दोन ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक असं की केएलएमच्या को-पायलटने रेडिओवर जे सांगितलं ते ‘वी आर नाउ ॲट टेकऑफ’ असं काहीसं होतं, कंट्रोलरला वाटलं विमान टेकऑफच्या जागी उभं आहे, आणि विमान तर धावायला लागलं होतं. डच भाषेत चालू असलेली क्रिया सांगायची जी रचना आहे ती इंग्लिशमध्ये तशीच उतरून ते ॲट आलं असावं असा कयास काही भाषेच्या अभ्यासकांनी मांडलाय. त्यानंतर रेडिओवरची भाषा बदलली, टेकऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, बाकी सगळीकडे डिपार्चर. म्हणजे रोजच्या बोलण्यात जे दोन शब्द एकाच अर्थाने चालतात त्यांना वेगळं करून प्रत्येकाला एक काम नेमून दिलं.

विमानाच्या मेंटेनन्सची मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी पण हेच केलं. सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणून नियमावली आहे, पहिली १९८६ मध्ये आली, २००५ पासून तिचं नाव एएसडी-एसटीई१००. तिच्यात साधारण ९०० मान्य शब्दांचा कोश आहे आणि तत्त्व हे की एका शब्दाला एक अर्थ आणि एका अर्थाला एक शब्द. बिगिन, कमेन्स, इनिशिएट, ओरिजिनेट, हे सगळं सोडून स्टार्ट. क्लोज म्हणजे फक्त बंद करणे, जवळ या अर्थाने क्लोज चालत नाही, तिथे निअर. तुम्ही विमानं बनवत नाही तरी ती मागवून घ्या, मोफत मिळते, आणि तिचा कोश उघडून बसलात की आपल्या भाषेकडे बघायची नजरच बदलते. सगळी पाळायची गरज नाही, मी पण पाळत नाही.

रिप्लेस या शब्दाबद्दल थांबून सांगायलाच हवं कारण पंपाच्या मॅन्युअलमध्ये तो असणारच. ‘रिप्लेस द कव्हर’ चे दोन अर्थ होतात, काढलेलं कव्हर परत बसवा, किंवा जुनं टाकून नवीन लावा. वाचणारा कोणताही घेऊ शकतो. मी रिप्लेस फक्त नवीन लावण्यासाठी ठेवतो, परत बसवायचं असेल तर ब्रिटिश गिऱ्हाईक असेल तर रिफिट आणि अमेरिकन असेल तर रीइन्स्टॉल. गॅस्केटच्या बाबतीत तर ‘इन्स्टॉल अ न्यू गॅस्केट’ असं सरळच लिहितो, कुणी जुनी गॅस्केट पुसून परत बसवायला नको.

काही क्रियापदं तुमची नसतातच, ती स्टँडर्डने आधीच नेमून ठेवलेली असतात. भोसरीत असताना एका वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये आम्ही लिहिलं होतं की दर शिफ्टला गेज कॅलिब्रेट करा. म्हणायचं होतं की झिरो सेट करा. ऑडिटर आले, म्हणाले दर शिफ्टच्या कॅलिब्रेशनचे रेकॉर्ड दाखवा. मापनशास्त्रात कॅलिब्रेशन म्हणजे प्रमाणाशी तुलना करून किती फरक येतो हे नोंदवणं, फरक दुरुस्त करणं म्हणजे ॲडजस्टमेंट, आणि आंतरराष्ट्रीय शब्दावलीत स्पष्ट लिहिलंय की या दोघांची गल्लत करू नका. आम्हाला नॉनकन्फर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये चुकीचा शेरा, मिळाली आणि ती एका क्रियापदाची होती. तसंच रीवर्क आणि रिपेअर. आयएसओ ९००० या क्वालिटीच्या स्टँडर्डमध्ये रीवर्क म्हणजे नापास माल परत काम करून पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये आणणं, आणि रिपेअर म्हणजे तो वापरण्यालायक करणं, स्पेसिफिकेशनमध्ये बसेलच असं नाही. कास्टिंगला वेल्डिंग करून भोक बुजवलं आणि रिपोर्टमध्ये रीवर्क लिहिलं तर तुम्ही गिऱ्हाईकाला सांगताय की कास्टिंग ड्रॉइंगप्रमाणे आहे. व्हेरिफाय आणि व्हॅलिडेट पण याच जातीतले, व्हेरिफाय म्हणजे ठरवल्याप्रमाणे बनलंय का, व्हॅलिडेट म्हणजे वापरणाऱ्याच्या खऱ्या कामाला येतंय का. म्हणून चेकच्या जागी व्हेरिफाय टाकू नका म्हणालो, क्वालिटीवाले तो शब्द वेगळ्या कानाने ऐकतात.

सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर वाटलं होतं इथे बरं असेल, तर इथे आणखी कडक. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेत, डिलीटने ओळी जातात, ट्रंकेटने टेबल रिकामं होतं, ड्रॉपने टेबलच जातं, मराठीत तिन्हीला आपण उडवणे म्हणू. एका प्रॉडक्टच्या ॲडमिन गाइडमध्ये आमच्या टीमने रिमूव्ह आणि डिलीट सरमिसळ वापरले होते, हेडिंगमध्ये ‘रिमूव्ह अ यूजर फ्रॉम अ ग्रुप’ आणि खाली स्टेपमध्ये ‘डिलीट द यूजर’. एका ग्राहकाच्या ॲडमिनने स्टेप वाचली आणि यूजर स्क्रीनवर जाऊन अकाउंटच डिलीट केली, एकोणीस माणसांची. बॅकअपमधून परत आणली पण तो दिवस मी विसरलो नाही, कारण ती स्टेप रिव्ह्यू करून पास मीच केली होती. रिमूव्ह म्हणजे इथून बाहेर, पण वस्तू कुठेतरी आहे. डिलीट म्हणजे वस्तूच नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हे दोन शब्द पहिल्या दिवशी लिहून भिंतीवर लागतात.

गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चेकआउट हे एकच क्रियापद ब्रँच (कोडची वेगळी शाखा) बदलायला पण होतं आणि फाइलमधले बदल फेकून जुनी फाइल आणायला पण, लोक फसायचे, शेवटी २०१९ मध्ये २.२३ व्हर्जनला स्विच आणि रिस्टोअर असे दोन वेगळे कमांड दिले. प्रोग्राम बनवणाऱ्यांनाही एका क्रियापदाची दोन करावी लागली. आणि रिव्हर्ट हा शब्द भारतात जपून, आपल्या ऑफिसात ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या, बाहेर त्याचा अर्थ पूर्वस्थितीला न्या, तो मॅन्युअलमध्ये त्याच अर्थाने जाऊ द्या आणि मेलमध्ये रिप्लाय लिहा.

शब्द शोधायचा कुठे, तर मी आधी मशीनकडे बघतो. बटणावर स्टॉप लिहिलंय तर मॅन्युअलमध्ये स्टॉपच, हॉल्ट नाही, टर्मिनेट नाही. मग त्या क्षेत्रातलं स्टँडर्ड, मग त्याच धंद्यातल्या नावाजलेल्या कंपन्यांची मूळ इंग्लिश मॅन्युअल, दोन-तीन पीडीएफ उतरवून त्यात तुमचं नाम शोधा, क्रियापद नाही. म्हणजे इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) शोधा आणि त्याच्या आधी कोणतं क्रियापद येतंय ते बघा. चेकचे सिनॉनिम शोधण्यापेक्षा इम्पेलरला काय काय करतात हे शोधलं की उत्तर लवकर मिळतं, कारण इंग्लिशमध्ये नाम आपलं क्रियापद धरून असतं. ‘ओपन द स्क्रू’ आणि ‘क्लोज द लाइट’ आपल्याकडे बोलतात, पण एकाही चांगल्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, तिथे लूझन किंवा रिमूव्ह द स्क्रू दिसेल, आणि त्या दोघांतही फरक आहे, लूझन केलेला स्क्रू जागेवरच असतो. थिसॉरस मी सगळ्यात शेवटी उघडतो, आठवत नसलेला शब्द आठवायला, आणि मिळाला की शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरीत त्याची उदाहरणं वाचतो. एआयला विचारत असाल तर नुसतं चेकचे सिनॉनिम द्या असं विचारू नका, वस्तू कोणती, काम झाल्यावर तिची अवस्था काय, वाचणारा कोण हे तीन लिहून विचारा, आणि आलेलं उत्तर तरी शॉप फ्लोअरवर जाऊन दाखवा.

मस्ट, शुड, मे यांच्याकडे पण लक्ष द्या, कारण ‘शुड चेक’ लिहिलं की फिटरला वाटतं नाही केलं तरी चालेल. इंटरनेटची स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ नावाचं छोटंसं कागदपत्र फक्त या शब्दांचे अर्थ ठरवायला काढलं, दहा मिनिटांत वाचून होतं. मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये मी शुड वापरतच नाही, करायचंच असेल तर सरळ आज्ञा, मेझर द व्होल्टेज, आणि ऐच्छिक असेल तर यू कॅन.

आता तुमच्या ४१ जागांचं. एक्सेल उघडा, प्रत्येक वाक्य एका ओळीत, शेजारच्या कॉलममध्ये मराठीत लिहा की माणूस नक्की काय करतो, बघतो, मोजतो, चालवून बघतो, की खात्री करून नसेल तर दुरुस्त करतो. तिसऱ्या कॉलममध्ये वाईट निघालं तर पुढे काय. जिथे तिसरा कॉलम रिकामा राहील तिथे मेंटेनन्सच्या माणसाला गाठा, कारण तिथे मॅन्युअलच अपुरं आहे. मग चौथ्यात क्रियापद. माझा अंदाज, पंधरा-वीस जागी चेकच राहील, आणि ते राहू द्या. साहेबांकडे जाताना ड्राफ्टसोबत हा तक्ता पण न्या आणि गळतीचं वाक्य पहिलं दाखवा, पंपातला माणूस आहे तर स्टॉप आणि रिड्यूसमधला फरक त्यांना तुमच्याआधी कळेल. ग्लँड, कपलिंग आणि आयसोलेशनची वाक्यं इथे टाकलीत तर मी बघून सांगतो.